लोझोविक यांचे न्यूयॉर्क: मूळ लिथोग्राफ ओळखावा, घ्यावा आणि जपावा कसा

अमेरिकी चित्रकार लुई लोझोविक यांनी लिथोग्राफीने, म्हणजे दगडावर काढून त्यावरून कागदावर छापलेले न्यूयॉर्क पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते यंत्राने काढले असावे असे वाटते. इमारतींच्या कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ आहेत, गॅसच्या टाक्यांची गोलाई लेथवर उतरवल्यासारखी गुळगुळीत आहे, आणि गडद काळ्यापासून कागदाच्या पांढऱ्यापर्यंत छटा इतक्या संथपणे उतरत जाते की हात कुठे थांबला आणि कुठे पुन्हा चालू लागला याचा पत्ता लागत नाही. प्रत्यक्षात हा सगळा पृष्ठभाग तेलकट खडू दगडावर हलक्या हाताने पुन्हा पुन्हा फिरवून तयार झालेला असतो. त्यांची एखादी मूळ प्रत घेऊ पाहणाऱ्याने शिकायचे ते मुख्यतः हेच, की यंत्रासारख्या दिसणाऱ्या या चित्रात माणसाचा हात शोधायचा कसा. सही, आवृत्ती (एका चित्राच्या छापलेल्या प्रतींचा संच), सूचीतील क्रमांक आणि लिलावातले भाव यांची मदत होतेच. परंतु ज्याने चित्राचा पृष्ठभाग भिंगातून पाहिलेला नाही, त्याला यांपैकी एकही गोष्ट फसवणुकीपासून वाचवू शकत नाही.

न्यू जर्सीत राहत असताना मी जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून ब्रुकलिन पुलाचे फ्रेम केलेले एक चित्र घेतले होते. विक्रेत्याने ते ‘जुना लिथोग्राफ’ म्हणून दिले. घरी आणून काच काढली आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग लावले, तेव्हा त्या आकाशात ओळीने मांडलेले ठिपके दिसले. ते कोणत्या तरी पुस्तकातून कापलेले पान होते. पैसे गेल्यापेक्षा मला अधिक खटकले ते हे, की विक्रेत्याचा शब्द सरळ खोटा ठरवता येत नव्हता, कारण आज पुस्तके, कॅलेंडरे आणि पत्रके ज्या ऑफसेट पद्धतीने छापली जातात तीदेखील लिथोग्राफीचीच शाखा आहे. म्हणून ‘लिथोग्राफ’ या एका शब्दावर कधीही पैसे मोजू नयेत. चित्रकाराने स्वतः दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर काढलेल्या चित्रावरून ही प्रत थेट छापलेली आहे काय, असा नेमका प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे.

चित्रकाराचा काळ आधी समजून घ्यावा

लोझोविक यांचा जन्म १८९२ मध्ये, तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या युक्रेनमधील लुडविनोव्का या गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. १९०६ मध्ये ते अमेरिकेत आले, न्यूयॉर्कच्या नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइनमध्ये शिकले आणि १९१८ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाचे पदवीधर झाले. सैन्यातील अल्प सेवेनंतर त्यांनी अमेरिकेतील औद्योगिक शहरे हिंडून पाहिली आणि मग युरोप गाठले. पॅरिसनंतर ते बर्लिनमध्ये राहिले. तेथे एल लिसित्स्की यांच्यासारख्या रशियन रचनावाद्यांशी (भौमितिक आकारांतून कलाकृती रचणाऱ्यांशी) त्यांचा जवळून संबंध आला आणि मॉस्कोलाही त्यांनी भेट दिली. बर्लिनमधील कलावंतांना त्या काळी अमेरिकेच्या गगनचुंबी इमारतींचे आणि कारखान्यांचे विलक्षण आकर्षण होते. आणि अमेरिकेतून आलेल्या या तरुणाने, अमेरिकेपासून हजारो मैलांवर बसून, पाहिलेली शहरे आठवून आठवून रंगवायला घेतली. शिकागो, पिट्सबर्ग, क्लीव्हलँड, न्यूयॉर्क अशी ती शहरमाला होती. १९२३ मध्ये बर्लिनमध्येच त्यांनी लिथोग्राफी हाती घेतली आणि १९२४ मध्ये ते न्यूयॉर्कला परतले.

हा तपशील विकत घेणाऱ्याच्या उपयोगाचा आहे. १९२५ च्या सुमाराचे ‘न्यूयॉर्क’ हे मुद्राचित्र (ठशावरून छापलेले चित्र) एका ठिकाणी उभे राहून पाहिलेले दृश्य नव्हे. त्यात पूल, उन्नत रेल्वेचा वळसा आणि इमारतींचे सुळके वेगवेगळ्या कोनांतून आणून एकमेकांत बसवलेले आहेत. ‘हे कुठून दिसते?’ असा प्रश्न त्या चित्राला लागू पडत नाही. उलट १९२९ मधील ‘ॲलन स्ट्रीट’ आणि ‘हॅनोव्हर स्क्वेअर’ यांत तुम्ही खरोखर रस्त्यावर आलेले असता आणि डोक्यावरून उन्नत रेल्वेचा लोखंडी सांगाडा गेलेला असतो. या दोन प्रकारांतला फरक ज्याला कळला, त्याला लोझोविक यांची बर्लिनमध्ये घडलेली शैली आणि पुढची न्यूयॉर्कची शैली तारीख न वाचताही वेगळी करता येते.

या दोन्हींच्या मागे एकच श्रद्धा होती. १९२७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या यंत्रयुग प्रदर्शनाच्या सूचीत लोझोविक यांनी एक छोटा निबंध लिहिला. अमेरिकेच्या जीवनाचा ओढा सुव्यवस्थेकडे आणि संघटनेकडे आहे आणि त्याची खूण शहराच्या कठोर भूमितीत दिसते, असे त्यात त्यांनी मांडले: धुराड्यांच्या उभ्या रेषा, रुळांच्या समांतर रेषा, कारखान्यांचे घन, पुलांची कमान, गॅसच्या टाक्यांचे वृत्तचिती. १९२९ मधील ‘टँक्स’ हे मुद्राचित्र पाहताना त्या निबंधाचे वाक्य न् वाक्य डोळ्यांसमोर उभे राहते. माझ्या मते लोझोविक यांची खरी उंची कुठे आहे हे पाहायचे असेल तर पुलांच्या आधी या टाक्या पाहाव्यात, कारण पुलाला त्याचे स्वतःचे वैभव आहे. टाकीला काहीच नाही, तिला जे काही मिळाले ते खडूच्या छटेतून मिळाले.

१९२९ मध्ये महामंदी सुरू झाल्यानंतर त्यांच्या शहरात माणूस दिसू लागला, विशेषतः काम करणारा माणूस. डाव्या विचारांच्या नियतकालिकांशी त्यांचा संबंध होताच. आता उंचावर बोल्ट आवळणारे मजूर, बांधकामाचे सांगाडे, बेकारी, अन्याय हे विषय आले. १९३५ चे ‘स्टॉर्म क्लाउड्स अबव्ह मॅनहॅटन’ किंवा १९३८ चे ‘थ्रू ब्रुकलिन ब्रिज केबल्स’ यांत आकाश आणि हवा आहे, जी १९२५ मध्ये जवळपास नव्हती. पुढे ते न्यू जर्सीतील साउथ ऑरेंज येथे राहिले आणि १९७३ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांची मुद्राचित्रे तीनशेच्या आसपास आहेत, त्यामुळे ‘एक लोझोविक’ मिळाला म्हणजे ‘ते लोझोविक’ मिळाले असे होत नाही. संग्राहक ज्यासाठी धडपडतात तो गट मुख्यतः १९२३ ते १९३१ या काळातील शहरांचा आहे. न्यू जर्सीत मराठी घरे पुष्कळ आहेत आणि साउथ ऑरेंजवरून आगगाडीने रोज न्यूयॉर्कला जाणारेही आहेत. त्यांना हा शेजार ठाऊक असावा असे मला मनापासून वाटते.

दगडावरचे चित्र कसे तयार होते

मराठी वाचकाला शिळाप्रेस हा शब्द परका नाही. एकोणिसाव्या शतकात गणपत कृष्णाजींसारख्यांच्या शिळाप्रेसवर मुंबईत पोथ्या व पंचांगे छापली जात होती, आणि पुण्याच्या चित्रशाळेची देवादिकांची चित्रेही याच पद्धतीची होती. अलॉइस झेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात शोधलेली ही पद्धत एका साध्या गोष्टीवर चालते: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. झोल्नहोफेन येथील खाणीतून निघणाऱ्या बारीक पोताच्या चुनखडीच्या दगडाचा पृष्ठभाग घासून त्यावर एकसारखा खरखरीतपणा आणतात. मेण, साबण, चरबी व काजळी यांच्या खडूने किंवा तसल्याच पातळ शाईने त्यावर चित्र काढतात. मग डिंक आणि अगदी थोडे नत्राम्ल यांचा लेप देऊन ते पक्के करतात. दगड ओला केला की कोरा भाग पाणी धरतो आणि तेलकट रेषा पाणी नाकारते. तेलाची शाई रुळाने फिरवली की ती फक्त रेषेवर बसते. वर कागद ठेवून दाबाखालून काढला की प्रत तयार होते. चित्र उलटे उमटते, म्हणून चित्रकाराला शहर आरशातल्यासारखे काढावे लागते, दुकानांच्या पाट्यांसकट.

भिंगाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते दगडाचे खरखरीतपण. खडू हलका फिरवला की तो फक्त दगडाच्या सूक्ष्म उंचवट्यांना लागतो, जोर दिला की खळग्यांतही उतरतो. त्यामुळे मूळ लिथोग्राफमधील करडा रंग हा खरे तर करडा नसतोच. ते काळ्या शाईचे लहानमोठे, वेड्यावाकड्या आकाराचे कण असतात, फिक्या भागात विरळ आणि गडद भागात एकमेकांना चिकटलेले. दोन कण सारखे नसतात आणि त्यांची रांग लागत नाही. शाईने भरलेले सपाट काळे आणि धारदार पात्याने खरवडून काढलेल्या पांढऱ्या रेषा याही भिंगाखाली वेगळ्या ओळखू येतात, कारण खरवडलेल्या रेषेच्या कडेला कण मध्येच तुटलेले दिसतात.

याचा सराव घरच्या घरी करता येतो आणि तो खरेदीच्या आधी अवश्य करावा. दहापट भिंग घेऊन प्रथम भिंतीवरच्या कालनिर्णयाचे रंगीत पान पाहावे: चार रंगांच्या ठिपक्यांची फुलासारखी ठरावीक नक्षी दिसेल. मग जुन्या वर्तमानपत्रातले काळे-पांढरे छायाचित्र पाहावे. तेथे ठिपक्यांची जाळी असते, ठिपका लहानमोठा होतो पण त्याची जागा बदलत नाही. घरात राजा रविवर्मा यांच्या छापखान्याचे जुने ओलिओग्राफ असेल तर तेही काढावे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला हा छापखाना एका चित्रासाठी अनेक दगड वापरत असे. त्यातील ठिपके कारागिरांनी हाताने दिलेले असल्यामुळे ते चेहऱ्याच्या वळणाप्रमाणे वळतात. मात्र याच चित्रांची पुढील काळातली ऑफसेटची पुनर्मुद्रणेही पुष्कळ आहेत, तेव्हा घरातले चित्र मूळचे आहे असे आधीच गृहीत धरू नये. एवढे तीन-चार नमुने डोळ्यांखालून गेले की लोझोविक यांच्या आकाशातील खडूचे कण चटकन ओळखू येऊ लागतात.

दोन पळवाटा मात्र लक्षात ठेवाव्यात. इंकजेट छपाईतही ठिपके विखुरलेले असतात आणि घाईने पाहणाऱ्याला ते दगडाच्या कणांसारखे भासतात. परंतु फिक्या करड्या भागात बारकाईने पाहिले तर बहुधा निळसर, गुलाबी आणि पिवळे सूक्ष्म ठिपके मिसळलेले आढळतात. एकाच काळ्या शाईने छापलेल्या लिथोग्राफमध्ये रंगीत ठिपक्याचे काम नाही. दुसरी पळवाट कोलोटाइपची. या जुन्या छायायांत्रिक पद्धतीत ठिपक्यांची जाळी नसते, पण जिलेटिनला पडलेल्या सूक्ष्म सुरकुत्यांची किड्यांसारखी वळवळती नक्षी सगळ्या छटांत पसरलेली असते. ही ओळखायला थोडा अधिक सराव लागतो.

प्रत हातात आल्यावर

फ्रेममधले चित्र फ्रेममध्येच पाहून घेऊ नये. विक्रेता फ्रेम उघडू देत नसेल तर खरेदी सोडून द्यावी. या बाबतीत मी कोणतीही सवलत देत नाही. उघडल्यावर हात धुऊन, पूर्ण कोरडे करून, कागद दोन्ही हातांनी समोरासमोरच्या कोपऱ्यांना धरावा.

सर्वप्रथम चित्राचे माप मिलिमीटरमध्ये घ्यावे, आधी उंची आणि मग रुंदी. हे माप कागदाचे नव्हे, चित्राचे असते. कागदाचे माप वेगळे लिहावे. लोझोविक यांच्या मुद्राचित्रांची समग्र सूची जॅनेट फ्लिंट यांनी तयार केली असून ती १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. लिलावांच्या वर्णनांत ‘फ्लिंट’ आणि पुढे क्रमांक असे जे लिहिलेले असते तो या सूचीचा संदर्भ होय. आपले माप त्या नोंदीशी पडताळावे. ओलाव्याने कागद किंचित प्रसरण पावतो, त्यामुळे दोन-तीन मिलिमीटरचा फरक क्षम्य आहे; परंतु सेंटिमीटरभर फरक आला तर ते चित्र दुसऱ्या कशावरून तरी लहान-मोठे करून छापलेले असण्याची शक्यता फार वाढते. माझ्या त्या ब्रुकलिन पुलाचे माप मी आधी घेतले असते तर भिंग लावण्यापूर्वीच संशय आला असता.

त्यानंतर एखाद्या संग्रहालयातील प्रतीशी तपशील ताडून पाहावा. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये लोझोविक यांच्या मुद्राचित्रांचा मोठा संग्रह आहे आणि त्याच्या प्रतिमा इंटरनेटवर पाहता येतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडेही त्यांची कामे आहेत. चित्र सर्वसाधारणपणे जुळते काय हे पाहून भागत नाही. पुलाच्या दोन तारा कुठे छेदतात, एखाद्या खिडकीच्या कोपऱ्यात पांढरा कण कुठे राहिला आहे, ढगाची कड कोणत्या कणावर संपते अशा चार-पाच जागा निवडून त्या ताडाव्यात. एकाच दगडावरून निघालेल्या प्रतींत शाई कमी-जास्त असू शकते, पण कणांची जागा बदलत नाही.

सही पेन्सिलीची असते, चित्राच्या खाली, कोऱ्या समासात; पुष्कळदा नावापुढे सालही असते. कागद तिरपा करून उजेडाकडे धरला की शिसे चमकते आणि छापील शाई चमकत नाही. भिंगाखाली पेन्सिलीची रेषा कागदाच्या तंतूंच्या माथ्यावर बसलेली दिसते आणि दाबाने कागद किंचित खचलेला असतो. येथे एका गैरसमजाबद्दल लिहिणे आवश्यक आहे. आज आपल्याला ‘१२/५०’ (पन्नास प्रतींतली बारावी) असा क्रमांक नसलेले मुद्राचित्र संशयास्पद वाटते, परंतु १९२० आणि १९३० च्या दशकांतील अनेक अमेरिकी प्रतींवर असा क्रमांक घातलेलाच नसे. क्रमांक नाही म्हणून चांगली प्रत नाकारू नये आणि क्रमांक आहे म्हणून वाईट प्रत घेऊ नये. त्याचप्रमाणे कलावंत जुन्या प्रतींवर अनेक वर्षांनी सही करतात. सहीचे वळण वेगळे दिसले तर लगेच खोटेपणाचा निष्कर्ष न काढता त्या काळातील इतर सह्या पाहाव्यात.

कागदाची एक परीक्षा स्वस्त आणि फार उपयोगी आहे. अंधाऱ्या खोलीत अतिनील किरणांची छोटी टॉर्च कागदावर धरावी. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून घालण्यात येणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आली आणि ती अतिनील प्रकाशात निळसर पांढरी झळकतात. १९२५ किंवा १९३० ची म्हणून विकली जाणारी प्रत तशी झळकली, तर ती त्या काळातल्या कागदावर नाही हे तेथेच सिद्ध होते. झळकली नाही, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण आजही त्या रसायनांविना कागद बनतो. टॉर्च काही क्षणच लावावी.

अवस्था आणि भाव

नव्या खरेदीदाराचे लक्ष चित्रावर असते, जाणकाराचे समासावर. कोरा समास पुरेसा आहे का, तो मागाहून कापला गेला आहे का, जुन्या माउंटच्या (चित्राभोवती बसवलेल्या पुठ्ठ्याच्या) खिडकीएवढा पिवळा चौकोन उमटला आहे का, मागे चिकटपट्टीचे तपकिरी डाग आहेत का, तांबूस ठिपके पडले आहेत का, ओलीची लाट येऊन गेल्याची रेघ दिसते का, हे सर्व पाहावे. कागद उजेडासमोर धरला की पातळ झालेल्या जागा आणि जलचिन्ह दिसते. बाजूने आडवा उजेड टाकला की सुरकुत्या दिसतात. समासातील पिवळेपणा कागदतज्ज्ञ काही प्रमाणात कमी करू शकतो, परंतु कापलेला समास परत येत नाही आणि संपूर्ण पुठ्ठ्यावर चिकटवलेली प्रत सुरक्षितपणे सोडवणे हे अवघड व खर्चाचे काम असते.

याहूनही मोठा फरक पडतो तो छपाईच्या दर्जाने. न्यूयॉर्कमध्ये लोझोविक यांचे दगड छापणाऱ्यांत जॉर्ज मिलर हे नाव सर्वांत महत्त्वाचे आहे. १९१७ पासून त्यांनी केवळ कलावंतांसाठी लिथोग्राफ छापायला सुरुवात केली आणि अमेरिकेतल्या एका पिढीची मुद्राचित्रे त्यांच्या हाताखालून गेली. चांगल्या प्रतीत सर्वांत गडद काळे मखमलीसारखे खोल असते आणि तरीही त्याच्या शेजारच्या काळपट करड्यातले कण सुटे दिसतात. शाई कमी पडलेल्या प्रतीत शहर राखाडी होते. जास्त झालेल्या प्रतीत कण बुजतात आणि टाकीची गोलाई सपाट होऊन जाते. लोझोविक यांच्या चित्रात छटा हीच रचना आहे. म्हणून प्रसिद्ध शीर्षकाची फिकट प्रत आणि कमी प्रसिद्ध शीर्षकाची भरघोस प्रत यांत निवड करायची झाली, तर मी दुसरी घेईन.

भाव ठरवताना त्याच शीर्षकाच्या प्रती लिलावात प्रत्यक्षात किती रकमेला गेल्या ते पाहावे. दुकानाची मागणी हा भाव नव्हे. न्यूयॉर्कमधील स्वान गॅलरीजसारख्या, अमेरिकी मुद्राचित्रांचे नियमित लिलाव करणाऱ्या संस्थांचे जुने निकाल पाहिले की अंदाज येतो. हातोड्याच्या बोलीवर खरेदीदाराचा अधिभार, विमा आणि पाठवणी वेगळी लागते. ती मिळवूनच आपली मर्यादा ठरवावी आणि कागदावर लिहून ठेवावी. दुकानातून घ्यायचे असल्यास मुद्राचित्रांच्या विक्रेत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्य शोधावा आणि प्रत अस्सल नसल्यास रक्कम परत करण्याची हमी पावतीवरच लिहून घ्यावी.

मालकीचा एक प्रश्न अमेरिकेच्या इतिहासातून आलेला आहे. मंदीच्या काळात सरकारने फेडरल आर्ट प्रोजेक्टसारख्या योजनांतून कलावंतांना पगार दिला आणि लोझोविक यांनीही त्या काळात सरकारी योजनांसाठी काम केले. अशा योजनेचा शिक्का प्रतीवर असेल, तर अमेरिकी सरकारचे जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन त्या काळच्या कामांवर मालकी सांगते हे लक्षात ठेवून, प्रत खासगी हातात कशी आली हे घेण्यापूर्वी विचारावे.

भारतात आणताना

सीमाशुल्काच्या वर्गीकरणात मूळ कोरीव चित्रे, मुद्राचित्रे आणि लिथोग्राफ यांना ९७०२ हे शीर्षक आहे. सामान्य छापील चित्रे ४९११ मध्ये येतात. यातील पहिल्या शीर्षकाची व्याख्या मला फार योग्य वाटते: कलावंताने संपूर्णपणे स्वतःच्या हाताने तयार केलेल्या एक वा अनेक ठशांवरून थेट काढलेल्या प्रती, ज्यात यांत्रिक वा छायायांत्रिक पद्धतीने काढलेल्या प्रतींचा समावेश होत नाही. म्हणजे भिंगातून आपण जे शोधत होतो तेच येथे कायद्याने विचारलेले आहे. पावतीवर केवळ ‘प्रिंट’ किंवा ‘पोस्टर’ असे लिहू देऊ नये; कलावंताचे नाव, शीर्षक, साल, ‘मूळ लिथोग्राफ, पेन्सिलीने स्वाक्षरित’, चित्राचे माप आणि सूचीतील क्रमांक एवढे तपशील विक्रेत्याकडून लिहून घ्यावेत. लागू दर त्या वेळचे पाहून घ्यावेत, कारण ते बदलतात. पार्सल सपाट मागवावे. नळीत गुंडाळून आलेला शंभर वर्षांचा कागद उलगडताना तडकू शकतो.

घरात लावताना

मुंबई, कोकण आणि गोवा येथील हवा कागदाला मानवत नाही. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणि स्थिर राहणे कागदासाठी चांगले; पावसाळ्यात आपल्याकडे ती त्याच्या कितीतरी वर जाते आणि मग बुरशी व कसर या दोघांचेही फावते. बाहेरची भिंत, स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत आणि न्हाणीघराची भिंत यांवर चित्र लावू नये. घराच्या आतील कोरडी भिंत निवडावी आणि फ्रेमच्या मागे खालच्या बाजूला दोन बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी. कागदावरील कामांसाठी संग्रहालये साधारण ५० लक्सचा मंद प्रकाश ठेवतात. घरात एवढे मोजून करता आले नाही तरी ऊन थेट पडणार नाही आणि चित्रावर रोखलेला दिवा नसेल, एवढे पाहता येते. अतिनील किरण अडवणारी काच मिळाल्यास ती घ्यावी. मात्र ती लावली म्हणून चित्र खिडकीसमोर टांगता येत नाही, कारण दृश्य प्रकाशानेही कागद खराब होतो.

फ्रेमवाल्याकडे चित्र सोडून निघून येऊ नये, समोर बसून काम करून घ्यावे. चित्राच्या पुढे आणि मागे आम्लरहित, शक्यतो सुती लगद्याचा माउंट हवा. नेहमीचा पिवळा पुठ्ठा आणि हार्डबोर्ड कागदाला लागू देऊ नयेत. चित्र काचेला चिकटता कामा नये, म्हणून माउंटची जाडी पुरेशी असावी. फेव्हिकॉल, सेलोटेप, दुहेरी चिकटपट्टी किंवा गरम दाबाने चिकटवणे यांपैकी काहीही मान्य करू नये. जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने वरच्या कडेला मागून लावाव्यात आणि चित्र त्यांवर लोंबते ठेवावे, म्हणजे दमट हवेत कागदाला पसरायला जागा राहते आणि पुढे कधी काढायचे झाल्यास पट्टी पाण्याच्या ओलाव्याने सुटते. पुष्कळ फ्रेमवाले खिडकी मोठी दिसावी म्हणून माउंट चित्राच्या कडेपर्यंत आणतात आणि सही झाकतात. सही व समास दिसेल अशीच खिडकी कापून घ्यावी. समास घडी करून मागे वळवू देणे किंवा फ्रेमच्या मापाला कापू देणे म्हणजे शंभर वर्षे टिकलेली प्रत एका मिनिटात उणी करणे होय, आणि हे आपल्याकडे दुर्दैवाने वारंवार घडते.

डांबराच्या गोळ्या फ्रेमच्या आत ठेवू नयेत. पाऊस संपून हवा कोरडी झाली की ऑक्टोबरच्या अखेरीस फ्रेम भिंतीवरून उतरवावी, मागची बाजू पाहावी आणि बाजूने उजेड टाकून काचेतून चित्राचे निरीक्षण करावे. नवा तांबूस ठिपका, बुरशीचा कापसासारखा अंश किंवा कडेला कसरीने कुरतडल्याची खूण दिसली तर स्वतः पुसण्याचा प्रयत्न न करता चित्र सपाट ठेवून कागदतज्ज्ञाकडे न्यावे. आरंभीच काढून ठेवलेली छायाचित्रे, मापे, पावती आणि सूचीतील क्रमांक एका पाकिटात वेगळे ठेवावेत, आणि दर वर्षीच्या पाहणीची तारीख त्याच पाकिटातल्या कागदावर लिहावी. चित्राच्या मागे मात्र पेन्सिलीनेही काही लिहू नये.